आक्का दरसाल बेळगावला जायची

माझ्या वडिलांची थोरली बहीण ब्राह्मी. नात्यानं ती माझी आत्ती, पण वडील तिला आक्का म्हणायचे म्हणून आम्हीही आक्काच म्हणू लागलो. पुढं बोरगावातल्या निम्म्या घरांची ती आक्का झाली. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा पटकीत गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. मी जन्मले तेव्हा आमच्या तंबाखूच्या शिवाराची सगळी देखरेख तिच्याकडंच होती. कार्तिकात तंबाखू कमरेएवढी झाली की शेंडे खुडायचे आणि पानांच्या बगलेतून फुटणारे फुटवे काढायचे. त्या दिवसांत आक्का पदर खोचून बायकांच्या पुढं चालायची. चिकानं हात काळे व्हायचे, बोटं एकमेकांना चिकटायची. तिचा आवाज एवढा मोठा की दूधगंगेच्या पलीकडं मोट हाकणारा माणूस तिला ओ द्यायचा.

आता माझंच वय तिच्यापुढं गेलं. तरी कुठं कच्च्या तंबाखूचा वास आला की ती काळी झालेली बोटं आणि तो आवाज आठवतो.

माझे वडील बाळगोंडा तिच्याहून चार वर्षांनी धाकटे. ताठ बसणारा, कमी बोलणारा माणूस. विडी मात्र ओठावरून उतरायची नाही. आमच्याच शेतातली तंबाखू, निपाणीत वळलेल्या विड्या. आक्का म्हणायची, "पिकवतोस तू, आणि राखबी तूच करतोस." ते नुसते हसायचे.

माझं लग्न होऊन मी सदलग्याला गेले होते. माघात वर्षाच्या पोरीला घेऊन माहेरी आले तेव्हाची गोष्ट. महायुद्धाच्या दोन-एक वर्षं आधीची. एका सकाळी आक्का नदीवर गेली, तर वडील एका कडेला दगडावर स्वतःचं धोतर धूत होते. आमच्याकडं पुरुषानं धोतर धुतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी तिच्या मागंच होते.

"काय रं बाळगोंडा," आक्कानं विचारलं, "कधीपासनं धोतर धुवाय लागलास?"

"चिखल लागलता."

"माघात कुठला चिखल?"

वडलांनी धोतर पिळलं, खांद्यावर टाकलं आणि वर बघितल्याशिवाय निघून गेले. आक्का त्या दगडापाशी गेली. पाण्यात विरत चाललेला तांबूस रंग तिनं बघितला, मीही बघितला. पाण्यात हात घालून तिनं दगड स्वच्छ धुतला.

घरी आल्यावर खोदून विचारलं तेव्हा वडलांनी कबूल केलं. दिवाळीपासून रक्त जात होतं. "मूळव्याध हाय. गाडीत बसून बसून हुतीय. निपाणीच्या वैद्याला इचारलंय मी."

"काय म्हनला?"

"सुरण खा म्हनला."

आक्काला हसू आलं आणि रागही आला. आम्ही जैन, जमिनीखालचा कंद आमच्या घरात येत नाही. वडील सुरणाऐवजी जिरं घातलेलं ताक पीत होते आणि गुण येईल म्हणून वाट बघत होते.

"बेळगावला जायचं," आक्का म्हणाली.

"मूळव्याधीला बेळगाव? लोक हसतील."

"हसू देत. हसून लोकांचं पोट भरतंय, तुझं न्हाय."

निपाणी-बेळगाव सर्व्हिस मोटारीवर भरमू नावाचा ड्रायव्हर होता, आमच्या ओळखीचा. त्याच्या चुलत्याला असंच रक्त जात होतं आणि बेळगावच्या शहापुरातल्या एका डॉक्टरनं त्याला बरं केलं होतं. डॉक्टर मारुतीराव मूळचे बेळगुंदीचे, शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईला शिकून आलेले. त्यांच्याकडं दिवा लावलेली एक नळी आहे, तिच्यातून ते आतलं बघतात, असं भरमू सांगायचा. वडलांना ही नळीची गोष्ट कळली तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आक्कानं त्यांची पिशवी भरली आणि आम्ही तिघं मोटारीत बसलो. पोरीला मी आईपाशी ठेवलं होतं.

तवंदीचा घाट चढताना वडील खिडकीतून बाहेर बघत होते. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आक्का मात्र सगळ्या वाटेनं शेजारच्या बाईशी लोणच्याच्या मिठाबद्दल बोलत होती. ती तेव्हा कशाला एवढी बोलत होती ते मला नंतर कळलं.

डॉक्टर पस्तिशीचे, सावळे, बाह्या दुमडलेले. त्यांची भाषा ऐकून वडलांचा जीव जरा भांड्यात पडला. सायबी मराठी नव्हती ती, आमच्यासारखीच होती.

"बसा आण्णा. वय किती?"

"साठ."

"मांसमच्छी? दारू?"

"जिनेश्वरा!" वडील दचकले. "आमी जैन हाय."

"विचारायला लागतं हो. तंबाखू?"

वडलांनी खिशाकडं बघितलं. डॉक्टर हसले. "कळलं. आता आठवून सांगा. घरात कुणाला असं रक्त जायचं? आई, वडील, मामा, काका?"

"कुणाला न्हाय. वडील तापानं गेले."

"आणि आई?"

"आई बायकांच्या दुखण्यानं गेली. मी ल्हान हुतो."

दाराला टेकून उभी असलेली आक्का तेव्हा बोलली. तिचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"खोटं हाय ते."

वडलांनी मान वळवली.

"अव्वाला हेच हुतं," आक्का म्हणाली. "बायकांचं दुखणं म्हनून सांगितलं सगळ्यास्नी. अव्वानंच तसं सांगाय लावलं. तिची लुगडी मी धूत हुतो. वरीसभर धुतली. चवदा वर्साची हुतो मी." मग ती थांबली. डॉक्टरांनी तिला घाई केली नाही.

आतल्या दारात शांतव्वा नावाची नर्स उभी होती, धारवाडकडची. आक्का तिच्याकडं वळली आणि कानडीत बोलायला लागली. आमच्या घरात दोन्ही भाषा चालायच्या. देवाघरात आणि स्वयंपाकघरात कानडी, बाजारात आणि शिवारात मराठी. जे तिच्या तोंडून मराठीत भावासमोर निघेना, ते कानडीत एका अनोळखी बाईपाशी भडाभडा निघालं. तिलाही रक्त जात होतं. तीन वर्षं. कुणालाही न सांगता तीन वर्षं ती शेंडे खुडत, भाकऱ्या थापत, सगळ्यांवर ओरडत फिरत होती.

कानडी वडलांनाही येत होती. ते खुर्चीत बसल्या बसल्या सगळं ऐकत होते. आक्का बोलायची थांबल्यावर ते उठले, आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि म्हणाले, "बस आक्का."

दोघांनाही दवाखान्यात ठेवून घेतलं. एक दिवस पोट रिकामं ठेवायचं होतं. एरंडेल प्यायचं, पाणी तेवढं घ्यायचं. शांतव्वा हे समजावून सांगायला लागली तेव्हा आक्काला तिचा आवाज परत सापडला. "अगं बाई, उपास आमाला शिकवतीस व्हय? पर्वात दहा दहा दिवस करतोय आमी." बाजूच्या खोलीतून वडलांचं हसणं ऐकू आलं.

तपासणीच्या वेळी मी आक्कापाशी होते. शांतव्वानं चादरी लावून सगळं झाकून घेतलं होतं. आक्कानं माझा हात धरला होता आणि डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होती. डॉक्टरांचा आवाज तेवढा अधूनमधून यायचा, "झालं आक्का, थोडंच राहिलं." बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "एवढ्यासाठी अव्वा मेली गं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"ही मूळव्याध न्हवे," ते म्हणाले. "आतड्याला आतून जे अस्तर असतं, त्याच्यावर मांसाचे कोंब उगवलेत. पॉलिप म्हणतात त्याला. आण्णांचा एकच हाय, पण आवळ्याएवढा. देठावर लोंबतोय. आक्कांचे चार हायत, बारके. तीन देठाचे आणि एक भिंतीवर शेवाळासारखा पसरलेला."

"म्हंजे माझं जास्त वाईट?" आक्कानं विचारलं.

"सांगतो. कोंब उगवला म्हणजे कर्करोग झाला असं न्हाय. म्हाताऱ्या माणसांत बऱ्याच जणांना असतात, कळतबी न्हाय. पण काही कोंबांची चाल बदलते. कुठले बदलतील? जो मोठा झाला तो. ज्याला देठ न्हाय, बूड रुंद हाय तो. ज्याला एकाहून जास्त हायत, त्याची धास्ती जास्त. आणि वय. चाळिशीत कमी, साठीनंतर वाढत जातं. त्यात ज्या घरात आईला किंवा बापाला हे होतं, तिथं डोळ्यांत तेल घालून बघायला पाहिजे."

"आणि विडी?" आक्का भावाकडं बघत म्हणाली.

"पुस्तकात तसं अजून लिहिलेलं न्हाय. खोटं कशाला सांगू? पण मला विचाराल तर, आण्णा, सोडा. तिनं कुणाचं भलं झालेलं मी बघितलेलं न्हाय."

दोघांचेही कोंब डॉक्टरांनी तारेचा फास टाकून, विजेनं तापवून काढले. वडलांना दुखलं, आक्काला पसरलेला कोंब काढताना बरंच रक्त गेलं आणि दोन दिवस ती पांढरीफटक पडून होती. काढलेले तुकडे औषधाच्या बाटलीत घालून मुंबईला गेले. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून तिथले डॉक्टर सांगणार होते. वडलांना लवकर सोडलं; त्या काळात मी आणि ते खडेबाजारातल्या एका ओळखीच्या जैन घरी राहिलो. वडील सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात येऊन आक्काच्या खाटेपाशी बसायचे. एवढी वर्षं एका घरात राहून जेवढं बोलले नसतील तेवढं त्या दोघांनी त्या दिवसांत बोलून घेतलं. अव्वा कशी होती, तिच्या हातची खपली गव्हाची गोड हुग्गी कशी असायची, ती कुठल्या खोलीत निजायची. वडलांना आईचं तोंडही आता नीट आठवत नव्हतं. आक्का त्यांना ते तोंड सांगत होती.

मुंबईहून निरोप आला. दोघांच्याही कोंबांत बदल सुरू झालेला होता. पण तो वरच्यावरच होता, बुडापर्यंत पोचलेला नव्हता.

"म्हणजे वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "पण आक्का, एक सांगा. तंबाखूचे फुटवे तुमी एकदाच काढता?"

"न्हाय बा. काढलं की आठ दिसांत परत येत्यात."

"ह्या जमिनीचंबी तसंच. दर वर्षी यायचं. दोघांनी. बरं वाटत असलं तरी यायचं, खरं तर बरं वाटत असतानाच यायचं."

दुसऱ्या वर्षी दोघं मिळून गेले. आक्काचा एक बारका कोंब निघाला, वडलांचं साफ होतं. त्यानंतर युद्ध पेटलं. तंबाखूला मागणी आली, व्यापारी दारात येऊन बसू लागले. वडलांनी विडी थोडे दिवस सोडली होती, ती परत आली. तिसऱ्या वर्षी आक्कानं पिशवी भरली तेव्हा ते म्हणाले, "मला काय धाड भरलीय? डाक्टरनंच सांगितलं साफ हाय म्हनून. तू जा."

"त्यानं ये म्हनूनबी सांगितलंय."

"पुढच्या साली बघू."

आक्का एकटी गेली. पुढच्या सालीही. मी सदलग्याहून येऊन कधी कधी तिच्यासोबत जायचे. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा भरमूच्या मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवली होती. घाटात मोटार दमली की भरमू आम्हाला खाली उतरवायचा आणि आक्का सगळ्यांच्या पुढं चढण चालायची, सत्तरीला टेकलेली बाई. संकेश्वराला थांबलो की ती पाणी गाळून घ्यायची, मगच प्यायची. सोबत डॉक्टरांसाठी खपली गव्हाचं गाठोडं असायचं.

डॉक्टरही तिला रिकाम्या हातानं पाठवायचे नाहीत. एकदा त्यांनी बेळगुंदीची रताळी पोतंभर मोटारीवर चढवली. आक्कानं एवढ्या आनंदानं घेतली की रताळं आम्हाला चालत नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. घरी आल्यावर तिनं ती सगळी शेतातल्या बायकांना वाटली. "डॉक्टरचं मन मोडू कसं?" म्हणाली. पुढं दर वर्षी रताळी येत राहिली आणि शेतातल्या बायका तिच्या बेळगावहून येण्याची वाट बघायला लागल्या.

आणखीही एका गोष्टीसाठी बायका वाट बघायच्या. आक्का आपलं दुखणं नदीवर सरळ बोलायची. "मला तिथनं रक्त जायचं, मी डॉक्टरला दाखवलं, आता बरी हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. काहीजणी लुगडी गोळा करून निघूनच गेल्या. पण संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत आमचं जेवण आटोपलं की मागच्या दारी कुणी ना कुणी यायचं. मूळव्याधच निघायची बहुतेकींची. आक्का दोघीतिघींना मोटारीत घालून घेऊन गेली. त्यातल्या एकीला, आमच्या बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पंडितांच्या आईला, कोंब निघाला.

वडलांचं मात्र "पुढच्या साली" तसंच राहिलं. आक्का भांडायची, रुसायची, एकदा दोन दिवस जेवली नाही. ते ऐकून घ्यायचे आणि विडी शिलगवायचे. चव्वेचाळीस साल असावं. दसऱ्यानंतर ते वाळायला लागले. बंडी अंगावर लोंबायला लागली. या वेळी त्यांनी स्वतःच म्हटलं, "आक्का, पिशवी भर."

डॉक्टरांनी नळीनं बघितलं आणि बराच वेळ हात धूत राहिले. पहिल्या जागेच्या वर नवीन कोंब आला होता. देठ नव्हता त्याला. बूड रुंद, दगडासारखं कडक. पलीकडं नळी जाईना. मोठं ऑपरेशन मुंबईत होतं, पण त्या प्रकृतीत त्यातून उठण्याची आशा फार थोडी आणि उठले तरी पुढं किती, ते सांगता येत नव्हतं.

वडलांनी सरळ विचारलं, "मागल्या साली आलो असतो तर?"

"कदाचित, आण्णा. नक्की सांगता येणार न्हाय."

"नक्कीच हाय ते," वडील म्हणाले. "तुमी भल्या मनानं बोलताय."

मला वाटलं होतं आक्का आता त्यांना बोलेल. एवढी वर्षं भांडत आली होती ती. परतीच्या वाटेवर ती त्यांच्या शेजारी बसली, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि लोणच्याबद्दल बोलायला लागली. येत्या उन्हाळ्यात कैऱ्या कुठल्या झाडाच्या घ्यायच्या, मीठ किती घालायचं. वडील डोळे मिटून "व्हय, व्हय" म्हणत होते.

संक्रांतीपर्यंत ते होते. शेवटच्या दिवसांत त्यांचे कपडे आक्कानंच धुतले. मी म्हटलं, मी धुते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझा हात बसलाय."

त्या उन्हाळ्यात ती बेळगावला गेली नाही. आम्हाला वाटलं, आता तिनं सोडलं. पण पुढच्या चैत्रात तिनं सदलग्याला माणूस धाडला, मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "तारामती, तुझा बाप, तुझी आज्जी, मी. तुझं वय काय गं?"

"तीस."

"चाळीस झाली की तू जायचं. आज नुसतं संगं चल. वाट बघून ठेव."

वाट मला काय ठाऊक नव्हती! पण मी गेले. तिच्या शेवटच्या दोन्ही तपासण्यांना मी सोबत होते. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "आक्का, एकबी न्हाय. आता पंच्याहत्तरी झाली. पुढच्या वर्षी न्हाय आलात तरी चालेल." तिला ते आवडलं नाही. "का? कंटाळलास व्हय मला?" असं म्हणून ती त्यांच्या बायकोशी बोलायला आत निघून गेली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती गेली. थंडी भरली, चार दिवस ताप आला, खोकला झाला आणि पाचव्या दिवशी सकाळी उन्हाला बसवलं होतं तिथंच मान टाकली. म्हाताऱ्या माणसाला जसं मरण यावं तसंच आलं.

भरमूकडून डॉक्टरांना कळलं. ते येतील असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण बाराव्या दिवसाच्या आत एका दुपारी मोटारीतून उतरून, वाट विचारत विचारत ते आमच्या दारात आले. टोपी काढून कट्ट्यावर बसले. माझ्या भावानं पाणी दिलं. ते म्हणाले, "खपलीचं पीठ आमच्या घरात अजून हाय त्यांचं."

गल्लीत बातमी गेली की आक्काचा डॉक्टर आलाय. थोड्या वेळानं समोरच्या घरातली चंपाबाई आली, डोक्यावर पदर, सोबत सून. कट्ट्याच्या खाली उभी राहिली आणि सगळ्यांसमोर, मराठीतच, म्हणाली, "डाक्टर, मला दोन म्हैनं झालं रक्त जातंय."

डॉक्टर बाजूला सरकले आणि त्यांनी तिला आपल्या शेजारी बसायला जागा केली.